मिठाची घोडी आणि सुनेचा नेम

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात एक सून नांदत होती, आणि तिचा एक नेम होता. रोज एका थकल्या जनावराचं अंग चोळायचं, त्याला आराम पडला की मगच स्वतःच्या तोंडात घास घालायचा.

हा नेम तिला कसा जडला? लग्न होऊन ती या घरी आली त्याच वर्षी गोठ्यातली गाय व्याली आणि खाली बसली ती उठेचना. वासरू हंबरतंय, गाय मान वळवून त्याच्याकडे बघतेय, पण कंबर काही उचलत नाही. घरातल्यांनी आशा सोडली. सुनेनं गावदेवीला, घाटाईला, हात जोडले आणि म्हणाली, "आई, हिला उठव. ही उठली तर मी रोज एका मुक्या जिवाचा शीण उतरवीन आणि मग जेवीन."

एवढं बोलून ती स्वस्थ बसली नाही. तिनं तिळाचं तेल कोमट केलं, त्यात ओवा टाकला आणि गाईच्या कमरेवर तळहात टेकला. जिथं अंग लाकडासारखं घट्ट लागे तिथं हात थांबे. ते जरा सैल पडलं की हात पुढं सरके. उन्हं कलायला लागली तशी गाईच्या कातडीवर थरथर उठली. तिनं मागचे पाय सरळ केले, मग पुढचे केले आणि उभी राहिली. वासरू आचळाला लागलं. सुनेनं हातपाय धुतले, देवीपुढं साखर ठेवली आणि पान वाढून घेतलं. नेम सुरू झाला तो असा.

गाव घाटाच्या तोंडाशी असल्यामुळे तिथं जनावरांना तोटा नव्हता. समुद्राकडून मिठाचे तांडे येत. तट्टांच्या पाठीवर दोन्ही अंगांना मिठाच्या गोण्या असत. गावाबाहेर, घाटाईच्या देवळापाशी, तांडा दिवसभर विसावा घेई आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घाट चढायला लागे. सून तेलाची वाटी घेऊन तिकडं जाई. कुणाची मान आखडलेली, कुणाचा खांदा भरून आलेला. ती चोळून द्यायची, पाय हळूच वाकवून, ताणून मोकळा करायची. हळूहळू लोक म्हणायला लागले, "या बाईच्या हाताला गुण आहे."

हाताला गुण आला, तसा नेम सोपा झाला. आणि सोप्या झालेल्या नेमात काय होतं, ते सांगायला नको. शेजारच्या गोठ्यात एक म्हातारा बैल होता. त्याला खाजवून घ्यायची भारी हौस. सून दिसली की तो आपणहून पाठ पुढं करायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. घरात कामाची घाई असली की सून त्याच्याकडे जायची, चार हात फिरवायची आणि येऊन जेवायला बसायची.

तिची सासू जिभेची तिखट होती. ती म्हणायची, "आज कोण? तोच का म्हातारा? अगं, त्याला नुसतं लांबून बघितलंस तरी बरं वाटतं!"

सून हसायची. "आत्याबाई, त्यालाही शीण असतोच की."

"असतो तर. दिवसभर बसून बसून येतो तो."

आता त्या तांड्यांची एक रीत होती, तीही सांगायला हवी. घाट मोठा अवघड. वाटेत एखादं तट्टू बसलं तर मागचा सगळा तांडा अडायचा. म्हणून पहाटे निघण्याआधी प्रत्येक जनावराला घाटाईच्या देवळाभोवती एक फेरा घालायला लावत. जे लंगडेल त्याचं दावं सोडून ते तिथंच ठेवायचं. याला ते म्हणत 'देवीला सोडलं'. म्हणायला फार चांगलं वाटे. पण देवळामागं रान होतं आणि रानात बिबट्या होता. सोडलेलं जनावर दुसऱ्या तांड्याच्या दृष्टीला कधी पडलं नाही. देवीचं नाव घेतलं की कुणी पुढं काही विचारत नसे. सुनेच्या मनाला ते लागायचं. देवी असलं काही मागत असेल हे तिला पटायचं नाही, पण बोलायचं कुणापाशी?

एकदा सणाचा दिवस होता. घरात पुरण शिजलं होतं, वेलदोड्याचा वास अंगणापर्यंत आला होता. पूजाअर्चा, सोवळ्यातला स्वयंपाक यात सुनेला दुपार झाली. नेम व्हायचाच होता. ती तेलाची वाटी घेऊन बैलाकडे निघाली, तेवढ्यात दारात एक मिठवाला येऊन उभा राहिला. घामानं भिजलेला, पागोटं हातात. त्याच्या मागं एक कबरी घोडी होती. पुढचा डावा पाय ती नुसता टेकवत होती, त्यावर भार देत नव्हती.

"बाई," मिठवाला म्हणाला, "तुमचं नाव ऐकून आलो. ही आमच्या घरची आहे, माझ्या हातावर वाढलेली. उद्या पहाटे फेरा आहे. हा पाय असाच राहिला तर तांड्याचा म्होरक्या काही ऐकायचा नाही. हिला सोडून जावं लागेल."

"कधीपासून लंगडतेय?"

"नदी ओलांडल्यापासून. पाय शेकला, चोळला, लेप लावला. काही उपयोग नाही."

सुनेला वाटलं, पायाचंच तर दुखणं, एवढ्यात होईल. घोडीही बरी होईल आणि आपणही वेळेत पानावर बसू. तिनं पदर खोचला, बोटं तेलात बुडवली आणि सरळ घोडीचा डावा पाय धरला.

घोडीनं कान मागं टाकले आणि मान वळवून सुनेच्या खांद्याला कचकन दात लावले.

तांड्यातली दोघंतिघं मागोमाग आली होती, ती खो खो हसली. एक म्हणाला, "बाईच्या हाताला गुण आहे म्हणे! घोडीच्या दातालाही आहे बरं का!"

सून मागं सरकली. चोळीची बाही फाटली होती, खांद्यावर वळ उठला होता. तिनं दुसऱ्या बाजूनं जाऊन बघितलं. घोडी तिकडंही वळली. पुन्हा पाय धरायला वाकली, तर घोडीनं तो आपटून धूळ उडवली.

"असं नाही जमायचं," तो हसणारा म्हणाला. "मी सांगतो. हिच्या वरच्या ओठाला दोरी घालून पिळतो. मग हलायची नाही. आम्ही दोघं धरतो, तुम्ही पाय खांद्यापासून जोरात ओढा. कडकन आवाज आला की समजायचं सांधा बसला. पलीकडच्या बाजारात एकजण असंच करतो. आवाज सगळ्या बाजाराला ऐकू जातो!"

"आणि मग जनावर चालतं का?" सुनेनं विचारलं.

"ते नाही बघितलं आम्ही. आवाज मात्र येतो."

मिठवाल्यानं मान खाली घातली. "बाई, धरू देत त्यांना. निदान काहीतरी केल्यासारखं होईल."

एवढ्यात सासू बाहेर आली. तिनं सगळा प्रकार बघितला आणि सुनेला बाजूला घेतलं. "अगं, पुरण निवत चाललंय. हात लागला ना त्या घोडीला? तुझा नेम झाला. नाहीतर असं कर, त्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवून ये, दोन घास खा, आणि मग बघ काय ते. उपाशी पोटी कुणाची सेवा होते का?"

सासूचं बोलणं चुकीचं नव्हतं. बैल हाकेच्या अंतरावर होता. क्षणभर जाऊन आलं असतं तरी नेम पुरा झाला असता, आणि कुणी नाव ठेवलं नसतं. सून दोन पावलं निघालीही.

मग तिनं सहज मागं वळून बघितलं. घोडी तीन पायांवर उभी होती. डोळ्यांभोवतीची कातडी ताणलेली, नाकपुड्या फुगलेल्या. तांड्यातला माणूस दोरीचा फास करत होता आणि घोडीचा डोळा त्या दोरीकडे होता.

सुनेच्या मनात आलं, ही आल्यापासून आपण हिच्याकडे बघितलंच नाही. आपण बघत होतो पायाकडे, आणि लक्ष होतं पुरणाकडे. गाईपाशी बसलो तेव्हा भूक आठवली तरी होती का? तेव्हा गाय उठायला हवी होती. आज आपल्याला नेम उरकायला हवाय.

ती परत आली. "दोरी ठेवा खाली," ती म्हणाली. "आणि तुम्ही जरा लांब सावलीत बसा. हिला श्वास घेऊ दे."

"अहो, वेळ कुठं आहे?" मिठवाला कळवळला.

"पहाट व्हायचीय अजून. दादा, तुम्ही हिच्या तोंडाशी उभे राहा. तुमचा वास ओळखीचा आहे. आणि आत्याबाई, तुम्ही जेवून घ्या. मला उशीर होईल."

"तुझं तुला माहीत," सासू म्हणाली आणि आत गेली.

सुनेनं तेलाची वाटी खाली ठेवली. हात पदराला पुसून कोरडे केले. मग घोडीपासून थोडी दूर, तिला दिसेल अशी नुसती उभी राहिली. घोडी तिच्याकडे बघे, ती घोडीकडे. तांड्यातली माणसं कंटाळून निघून गेली. जाताना एकजण म्हणाला, "आता ह्या दोघी गप्पा मारणार!"

बऱ्याच वेळानं घोडीचा एक कान पुढं आला. सुनेनं पाऊल पुढं टाकलं आणि तळहात घोडीच्या मागच्या उजव्या पुठ्ठ्यावर ठेवला, दुखऱ्या पायापासून सगळ्यात लांब. घोडी हलली नाही. हात तसाच राहिला. मग तो थोडा पुढं सरकला. पाठीपर्यंत गेला, तसं घोडीनं डोकं वर उचललं. सुनेनं हात मागं घेतला, पुन्हा पुठ्ठ्यावर ठेवला आणि थांबली.

दुपार तशीच गेली. हात दोन बोटं पुढं जायचा, घोडीचं डोकं वर झालं की मागं यायचा. सुनेच्या पोटात कावळे ओरडत होते, पाय भरून आले होते. मध्येच मिठवाला म्हणे, "बाई, पाय या बाजूला आहे." ती म्हणे, "ठाऊक आहे दादा. तिला तिथवर येऊ दे."

ऊन पिवळं पडलं तेव्हा हात पाठ ओलांडून डाव्या अंगाला उतरला होता. खांद्याच्या फळीमागं सुनेची बोटं अडली. तिथं कातडीखाली एक कडक पट्टा होता, सुतळी वळून ठेवावी तसा. घोडीचा सगळा देह ताठ झाला, पण या खेपेला तिनं डोकं उचललं नाही. एक श्वास आत घेतला आणि उलट सुनेच्या हातावरच अंग रेललं.

सुनेच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं वाटीतलं तेल घेतलं, तळहाताचा उंचवटा त्या गाठीवर टेकवला आणि घोडी जेवढी रेलेल तेवढाच दाब दिला, जास्त नाही. घोडी आपलं दुखणं आपणच तिच्या हातावर दाबत होती.

"दादा, इथं काय बांधता तुम्ही?"

मिठवाल्यानं वाकून बघितलं. "इथं? इथून पालाणाचा पट्टा जातो. गोण्या ज्यावर ठेवतो ते पालाण."

"एवढा घट्ट?"

"घट्ट लागतो. नदीत धारेच्या बाजूची गोणी भिजते आणि त्यातलं मीठ विरघळून जातं. मग ती हलकी होते आणि पालाण दुसऱ्या अंगाला घसरतं. घसरू नये म्हणून हलक्या बाजूचा पट्टा पाय लावून आवळायचा. सगळेच तसं करतात. माझे वडीलही..."

बोलता बोलता तो थांबला. त्यानं पुन्हा घोडीच्या खांद्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "म्हणजे पायाला काही झालंच नव्हतं," तो हळू म्हणाला. "बाई, मी या पायाला शेकत बसलो, आणि रोज सकाळी पट्टा आवळत होतो."

"गोण्या पुन्हा सारख्या वजनाच्या करून घेतल्या असत्या तर?"

"गोण्या उतरवायच्या, उसवायच्या, पुन्हा शिवायच्या. तांडा पुढं निघून जातो. म्हणून कुणी करत नाही."

सुनेचा हात चालूच होता. तुळशीपाशी दिवा लागला, त्या सुमाराला घोडीनं मोठा सुस्कारा टाकला. खालचा ओठ लोंबू लागला. तिनं जांभई दिली, मग जीभ बाहेर काढून तोंड चाटलं. मान खाली खाली येत सुनेच्या खांद्याशी टेकली. आणि डावा पाय, दिवसभर नुसता टेकवलेला, आता पूर्ण भार घेऊ लागला.

मिठवाला बघत राहिला. मग देवळाच्या दिशेनं त्यानं हात जोडले.

सून घरात आली. सासू चुलीपाशी बसली होती आणि पानं दोन मांडलेली होती.

"आत्याबाई, तुम्ही जेवला नाहीत?"

"तर! तू बाहेर उपाशी उभी, आणि मी आत पुरणपोळी हाणू? ये, बस. पोळ्या थंड झाल्यात, तुपावर परतून देते. आणि तो खांदा दाखव आधी. काय चावली ग मेली!"

दुसऱ्या दिवशी पहाटे फेरा निघाला. एकेक तट्टू देवळाभोवती फिरून गेलं. कबऱ्या घोडीची पाळी आली तेव्हा तांडा बघायला जमला, सूनही आली होती. मिठवाल्यानं तिच्या पाठीवर पालाण घातलंच नव्हतं. घोडी उघड्या पाठीनं चालली. पावलं आखूड होती, जपून टाकलेली, पण चारही पाय जमिनीला लागत होते. फेरा पुरा झाला.

म्होरक्या म्हणाला, "लंगडत नाही, खरं आहे. चढव ओझं आणि चल."

घोडी फेऱ्यातून वाचली होती. मिठवाल्यानं 'हो' म्हटलं असतं तर कुणी हटकलं नसतं. तो घोडीपाशी गेला. काल सुनेनं ठेवला तसा त्यानं तळहात तिच्या खांद्यामागं ठेवला. घोडीनं कान मागं टाकले. त्यानं हात काढून घेतला.

"आज ओझं नाही," तो म्हणाला. "मोकळी येईल घाटावर. तिच्या गोण्या मी आणि बाकीची तट्टं मिळून वाटून घेऊ."

तांड्यात हशा पिकला. "मोकळी घोडी घाटावर? हिला काय माहेरी पोचवायला निघालास का?"

मिठवाल्याचे कान लाल झाले. तो सुनेकडे वळून म्हणाला, "बघा, हसतात."

"हसू देत दादा," सून म्हणाली. "ते ओझं तिच्या पाठीवर पडत नाही."

तेव्हा तोही हसला. त्यानं एक गोणी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि पुढं निघाला. घोडी त्याच्या मागं, दावं न ओढता. वळणावर दोघं दिसेनासे झाले. पुढं कळलं ते असं, की घाटमाथ्यावर पोचल्यावर म्होरक्यानं सगळा तांडा थांबवला आणि गोण्या उतरवून सारख्या करायला लावल्या. वाटेत चाचपून बघितलं, तर हसणाऱ्यांच्या तट्टांच्या पट्ट्याखालीही तशाच गाठी निघाल्या होत्या.

पुढच्या वर्षीपासून नदीच्या काठावरच गोण्या सारख्या करून घ्यायची रीत पडली. फेऱ्यात जे जनावर लंगडेल ते रानाकडे कुणी सोडेना. ते सुनेच्या अंगणात बांधून जात आणि परतताना घेऊन जात. लोक अजूनही त्याला 'देवीला सोडलं' असंच म्हणत. घाटाईला तेच आवडलं असणार.

सुनेचा नेमही थोडा बदलला. आता ती आधी जनावरासमोर रिकाम्या हातानं उभी राहते आणि त्याचा कान पुढं येईपर्यंत वाट बघते. कधी लगेच येतो. कधी पुरण निवतं. सासू कुरकुरते, आणि दोन पानं झाकून ठेवते.

तात्पर्य: सेवा ज्याची करायची, तिची वेळ त्यानं ठरवायची. आपला नेम उरकण्यासाठी दुसऱ्याच्या दुखण्यावर हात टाकला तर नेम पुरा होतो आणि दुखणं तिथंच राहतं.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही दारात एखादी गाय असेल, टांग्याचा घोडा असेल, पायरीवर झोपणारं कुत्रं असेल. घरात न बोलता दुखणं सोसणारं माणूसही असेल. दिवसातून एकदा त्याच्यापाशी मोकळ्या हातानं जा. लगेच काही करू नका. त्याच्याकडे नीट बघा, थांबा. ते तुमच्याकडे रेललं, की मग तळहात टेका. एवढा एक नेम तुम्हीही धरा, आणि जेवण थोडं निवलं तरी चालेल असं घरात आधीच सांगून ठेवा.